वहीत नसलेलं गिऱ्हाईक

१

चष्म्याचं दुकान ही तशी शांत जागा. एक जण खुर्चीत बसून अक्षरं वाचतो, बाकीचे आपली पाळी येईपर्यंत फ्रेमा घालघालून आरशात बघत बसतात. त्या मंगळवारी मात्र मालकाचा आवाज पार रस्त्यापलीकडच्या लाँड्रीपर्यंत गेला.

"बावीस वर्षं, बाई! बावीस वर्षं माझ्या दुकानात बसून माझ्याच घराला भोक पाडलंत!"

काउंटरमागे उभ्या असलेल्या बाईंच्या हातात कुणाच्या तरी चष्म्याची मोडकी काडी होती. ती त्यांनी खाली ठेवली. या बाईंना सगळे नंबरबाई म्हणायचे, कारण गिऱ्हाईक दारातून आत येईपर्यंत त्याचा डावा-उजवा नंबर त्यांना आठवलेला असायचा. वही उघडायची त्यांना गरजच पडत नसे.

झालं होतं असं. आदल्या दिवशी अकरा वाजता एक निवृत्त मुख्याध्यापिका डोळे तपासून गेल्या होत्या. आज त्या ऑर्डर रद्द करायला आल्या आणि फोन मालकांच्या नाकासमोर धरला. फोनवर जाहिरात होती: 'नंबर बदललाय? काच एका दिवसात. पहिल्या चष्म्यावर फ्रेम मोफत.' खाली पत्ता कोपऱ्यावरच्या नव्या दुकानाचा.

"मी इथून घरी जाऊन पाय धुते न धुते, तोच ही जाहिरात हजर," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "तुमच्याकडची माहिती बाहेर जाते, साहेब. हे काही बरं नाही."

महिनाभरात असं सातव्यांदा होत होतं. सातही जणांचे डोळे याच दुकानात तपासले होते आणि सातही जणांची नावं त्या लाल कापडी वहीत होती. वही कुलपात. किल्ल्या दोनच, एक मालकांकडे, दुसरी नंबरबाईंकडे. त्यातून नंबरबाईंचा जावई गेल्याच महिन्यात त्या कोपऱ्यावरच्या दुकानात काचा घासायला लागलेला. आता आणखी काय पुरावा हवा?

"चोरी म्हणतात याला," मालक म्हणाले. दुकानात पाच गिऱ्हाइकं उभी होती. पाचही जणांनी माना खाली घातल्या.

नंबरबाईंनी पर्स उचलली. "शनिवारी सकाळी किल्ली आणून देते. आत्ता दिली तर उद्या म्हणाल, पळून गेली," एवढंच बोलून त्या पायऱ्या उतरल्या.

२

मालकांचे मेहुणे, म्हणजे त्यांच्या बायकोचे धाकटे भाऊ, बत्तीस वर्षं विजेच्या मीटरचं रीडिंग घ्यायचं काम करून निवृत्त झाले होते. त्यामुळे नात्यागोत्यात आणि नात्याबाहेरही ते मीटरमामाच. माणूस भोळा, बोलताना चार ठिकाणी अडखळणारा, पण घराबाहेरच्या मीटरवरून आतल्या घराची बित्तंबातमी सांगायचा. दोनच माणसं राहतात म्हणून सांगितलेल्या घरात तिसरं माणूस आहे, हे त्यांनी एकदा नुसतं गिझरच्या युनिटांवरून ओळखलं होतं. त्यावरून त्या घरात पुढे काय भांडण झालं ते विचारू नका.

"अरे, तू जाऊन बघ जरा," ताईचा दुपारी फोन आला. "बाईंनी चोरी केली हे माझ्या मनाला पटत नाही. माझ्या आजारपणात दुकान त्यांनीच सांभाळलंय. आणि यांचं तर काय, डोक्यात राख घातली की कुणाचं ऐकायचं नाही."

मामा दुकानात पोचले तेव्हा भावोजी एकटेच होते आणि एका फ्रेमचा बारीक स्क्रू टेबलावर तळहाताने चाचपडत होते. मामांनी तो उचलून दिला. तो भावोजींच्या मनगटाशेजारीच पडला होता.

"बस खुर्चीत," भावोजी म्हणाले. "आला आहेस तर डोळे तपासून घे. तेवढंच माझं डोकं शांत होईल."

लांबचं झालं. मग जवळचं वाचायची वेळ आली तसं मामा खुर्चीच्या हाताला पूर्वी लटकलेलं असायचं ते बारीक अक्षरांचं पुठ्ठ्याचं कार्ड शोधायला लागले.

"कार्ड गेलं, मामा. कुठल्या जमान्यात आहेस? आता माणूस दिवसभर वाचतो काय? फोन! मग फोनवरच तपासायचं. काढ तुझा फोन. छत्री उघड, आपल्या दुकानाचं पान शोध आणि वाच."

छत्री म्हणजे पिवळ्या छत्रीचं चित्र असलेलं ते ॲप. मामांच्या फोनमध्ये ते भाचीने, म्हणजे भावोजींच्या मुलीने, मागच्याच आठवड्यात घालून दिलं होतं. मामांना पान सापडायला पाच मिनिटं लागली.

"'डोळा हा देहाचा दिवा. तीन पिढ्यांचा विश्वास...' पुढचं धूसर दिसतंय."

"'आणि चौथ्या पिढीची नजर,'" भावोजींनी लांबूनच, काचांची पेटी पुसत, फोनकडे न बघता सांगितलं. "आता? ही काच घालून बघ."

"हां, आता दिसलं. पाठ आहे वाटतं तुम्हाला?"

"माझं पान, मला पाठ नसेल तर कुणाला? माझा स्वतःचा नंबर बघ, बारा वर्षं दीडवर आहे. हललेला नाही. गिऱ्हाइकाला मी हेच सांगतो, काच चांगली असली की डोळा टिकतो."

"माझं नाव वहीत लिहायचं?"

"घरच्या माणसाचं काय लिहायचंय!"

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा चहाचा कप घेऊन बसले आणि सहज छत्री उघडली. पहिलं चित्र जुन्या लाइनमन मित्राच्या नातीचं आलं. दुसरं चित्र बघितलं आणि मामांचा चहा लेंग्यावर सांडला.

'नंबर बदललाय? काच एका दिवसात.'

३

"पण मी वहीत नाहीच ना!" मामा चहा सांडलेल्या लेंग्यानिशीच ताईच्या घरी धडकले. "बाईंनी वही चोरली असं धरलं, तरी माझं नाव त्यांना कुठून मिळणार? त्या तर दुकानात नव्हत्याच!"

भाची घरून काम करायची. तिनं लॅपटॉप बाजूला सारला. "मामा, आधी बसा. अहो, जाहिराती सगळ्यांनाच येतात."

"सगळ्यांना? तुला आली?"

"मला... बुटांची आली."

"मग झालं तर! हे बघ, मला एक सांग. ही छत्री फुकट आहे?"

"फुकट."

"पूर्ण फुकट? दर महिन्याला बिल नाही, काही नाही?"

"काही नाही."

"मग एवढ्या माणसांना ही दिवसरात्र फोटो दाखवते, त्याची वीज कोण भरतं?" मामांनी मांडीवर हात मारला. "पोरी, मी बत्तीस वर्षं दारोदार फिरलोय. फुकट काही चालत नाही. मीटर असतोच. कधी जिन्याखाली असतो, कधी कपाटाआड असतो, पण असतो. हिचा मीटर कुठंय?"

"जाहिराती असतात ना. जाहिरातवाले देतात पैसे."

"ते पेपरवाल्यालाही देतात. पण पेपरवाल्याला कुठं कळतं की काल मी डोळे तपासले?"

भाचीनं खांदे उडवले. मामा तर पुरते गोंधळले होते. छत्रीत माणसं गेलीच कशाला, हे त्यांनी विचारलं, तर ती म्हणाली, सगळे होते म्हणून. मग सगळे का गेले? तर सगळे होते म्हणून. "आणि दुकानं?" "माणसं होती म्हणून." मामांच्या डोक्याचा पार भुगा झाला.

"दुकानाचं पान तू काढून दिलंस?"

"हो. पण नियम बाबांनी स्वतः वाचून 'मान्य' दाबलं. मी म्हणाले, बारीक अक्षरात आहे, मी वाचून दाखवू का? तर म्हणाले, मला वाचता येतं."

दोघं दुकानात गेले आणि भावोजींकडून लाल वही मागून घेतली. भावोजी कुरकुरले, पण मुलीपुढे त्यांचं चालत नसे. महिन्याभराची पानं उघडून मामा-भाची एकेकाला फोन लावायला बसले. संध्याकाळपर्यंत कान तापले. डोळे तपासून गेलेल्या एकोणीस जणांपैकी सतरा जणांना जाहिरात आली होती. सातच जण बोलायला आले होते, बाकीचे गुपचूप कोपऱ्यावर गेले होते. नुसते काडी बसवायला किंवा स्क्रू घट्ट करायला आलेल्या अकरा जणांची नावंही त्याच वहीत होती, नंबरासकट. त्यांतल्या एकालाही आली नव्हती.

"एकोणिसातले ते दोघं कोण, ज्यांना नाही आली?"

"एक पहारेकरी. त्यांच्याकडे बटणांचा फोन आहे. आणि एक बाई, त्या फोन घरी विसरल्या होत्या, म्हणून बाबांनी त्यांना पेपर वाचायला दिला."

इतक्यात फ्रेमा विकणारा एजंट बॅग घेऊन आत आला. हा कोपऱ्यावरच्या दुकानातही माल देतो, हे मामांना ठाऊक होतं. त्यांनी त्याला सरळच विचारलं, "इकडचं तिकडे सांगता का हो?"

"देवाशपथ नाही!" एजंटाने कानाच्या पाळ्या धरल्या. "इथं तपकिरी फ्रेम खपते आणि तिथं काळी, एवढंच मला कळतं. बाकी तुमच्या गिऱ्हाइकांची नावं घेऊन मी काय करू?" मग खुर्चीकडे बघून तो म्हणाला, "कार्ड नाही लावलंत का परत? मी चांगलं नवीन आणून दिलं होतं, दोन वर्षांपूर्वी. बाईंनी मागवलं होतं. साहेबांनी चार दिवसांत काढून ठेवलं."

भावोजी एकदम म्हणाले, "फ्रेमा दाखव, फ्रेमा. फालतू बडबड नको."

४

कोपऱ्यावरचं दुकान सगळं काचेचं होतं. मालक तिशीतला, दाढी नीट कोरलेली. मामा कुणाचे कोण, हे कळल्यावरही त्यानं खुर्ची दिली. मामांना ते आवडलं नाही, कारण भांडायची तयारी करून आलेल्या माणसाला खुर्ची मिळाली की पंचाईत होते.

"माझ्यावर संशय आहे ते मला माहीत आहे," तो म्हणाला. "मी एकही यादी विकत घेतलेली नाही. बघायचंय?"

त्यानं फोनवर छत्री उघडली. आत दुकानदारांसाठी वेगळंच दार होतं. मामा चष्मा सारखा करून बघू लागले. वय किती? त्यानं चाळीसच्या पुढे निवडलं. किती लांबचे? दोन किलोमीटरच्या आतले. मग एक लांबलचक यादी आली. बाळाचं सामान बघणारे, घर शोधणारे, केस गळतात म्हणून चिंतेत असलेले. त्यात त्यानं बोट ठेवलं: 'गेल्या दोन दिवसांत चष्म्याविषयी काही बघत थांबलेले.'

"झालं. आता इथं रक्कम भरायची. यांना माझी जाहिरात दिसते."

"आणि यांची नावं?"

"नावं देत नाहीत."

"म्हणजे? तुम्हाला ठाऊकच नाही कोण ते?"

"आल्यावर कळतं. मामा, त्यांनी नावं दिली तर मी एकदाच पैसे देईन आणि मोकळा होईन. नावं ते आपल्यापाशीच ठेवतात, म्हणून मला रोज द्यावे लागतात."

मामा बघतच राहिले. हे म्हणजे मालही द्यायचा नाही आणि विकायचा मात्र रोज. असला धंदा त्यांनी बत्तीस वर्षांत पाहिला नव्हता.

आतून काचेची भुकटी झाडत एक तरुण बाहेर आला. हा नंबरबाईंचा जावई. त्याचा चेहरा पडलेला होता. "मामा, मी ही नोकरी सोडतो, पण सासूबाईंना परत घ्यायला सांगा. त्यांनी तिकडचं एक अक्षर कधी मला सांगितलेलं नाही. उलट मी इथलं काही बोलायला लागलो तर म्हणतात, दुकानाची गोष्ट दुकानातच ठेव. मंगळवारपासून जेवलेल्या नाहीत नीट."

बाहेर पडताना मामांच्या डोक्यात दोन गोष्टी एकमेकींना ढुशा देत होत्या. नावं कुणी दिलीच नाहीत. मग छत्रीला कळलं कसं, की ही अठरा माणसं चष्म्याविषयी काही बघत थांबली? यांतली बरीचशी तर साठीपुढची. घरी बसून चष्म्याची पानं चाळणारी ही मंडळी नव्हेत. बरं, मामांनी स्वतः तरी चष्म्याचं काय बघितलं होतं?

५

नंबरबाई दोन खोल्यांच्या घरात खिडकीपाशी बसल्या होत्या. किल्ली टेबलावर होती, रुमालात गुंडाळलेली.

"तुमच्याकडे छत्री आहे का हो बाई?" मामांनी विचारलं.

"पाऊस कुठंय?"

"नाही, फोनमधली."

"माझ्या फोनला हॅलो म्हणता येतं, तेवढं पुरे आहे." त्यांनी पाण्याचा पेला पुढे केला. "मामा, नोकरीचं मला काही नाही. माझा हात चालतोय, कुठंही जाईन. पण तो शब्द पाच माणसांसमोर बोलले ते. त्यातल्या दोघांना मी त्यांचा पहिला चष्मा घातलाय, ते शाळेत होते तेव्हा. आता मी रस्त्यानं जाते तर मला वाटतं सगळे बघताहेत." त्या उठून आत गेल्या आणि तोंड पुसून आल्या.

मामांनाही भरून आलं. विषय बदलायला त्यांनी डोक्यात घोळत होतं तेच विचारलं. "बाई, ते जवळचं वाचायचं कार्ड. तुम्ही नवं मागवलंत आणि भावोजींनी चार दिवसांत काढलं. ते का?"

नंबरबाईंनी पेला उचलून बाजूला ठेवला.

"ते मी सांगणार नाही."

"अहो, पण तुमच्या भल्यासाठीच..."

"माझ्या भल्यासाठी असलं तरी नाही. जा तुम्ही, मामा. शनिवारी मी किल्ली देते आणि विषय संपला."

म्हणजे बाई काहीतरी लपवत होत्या! मामा तडक उठले. आपण ज्यांची बाजू घेऊन वणवण करतोय, त्यांच्याकडेच पाणी मुरतंय की काय? ते जिन्याखाली येऊन पायरीवर बसले. समोरच विजेचे मीटर ओळीनं लावलेले होते. जुनी सवय म्हणून त्यांची नजर तिकडे गेली. एका मीटरची चकती अगदी सावकाश फिरत होती. म्हणजे त्या घरात फक्त फ्रीज चालू होता. आतल्या माणसाला काही विचारायची गरज नाही. माणूस काय वापरतो, किती वेळ वापरतो, चकती सगळं सांगते.

त्यांनी फोन काढला. छत्री उघडली. लाइनमनच्या नातीचा फोटो आला, मामा थांबले. खाली आणखी दोन नाती आल्या. कालपासून हे नातवंडांचे फोटो एवढे का येताहेत? कारण काल ते नातीपाशी थांबले होते! आणि परवा, परवा ते कुठं थांबले होते? कुठल्या पानावर, कुठल्या खुर्चीत, कुणाच्या सांगण्यावरून?

"अरेच्चा!" मामा एवढ्यानं ओरडले की पहिल्या मजल्यावरचं दार उघडलं. मीटर सापडला होता.

६

शनिवारी अकराला दुकानात गर्दी होती. थोडी आपली आलेली, थोडी मामांनी बोलावलेली. मुख्याध्यापिका होत्या, एजंट होता, मंगळवारच्या पाचांपैकी चौघं होते. ताई आणि भाची दाराशी उभ्या होत्या. नंबरबाई आल्या, रुमाल सोडला आणि किल्ली काउंटरवर ठेवली.

"थांबा," मामा म्हणाले. "भावोजी, तुम्ही जरा खुर्चीत बसा."

"मी? कशाला?"

"मंगळवारी सगळ्यांसमोर बोललात ना? मग आजही सगळ्यांसमोरच होऊ दे."

भावोजी बसले, पण नाखुशीनं.

"तर मंडळी," मामांनी घसा खाकरला आणि सुरुवातीलाच अडखळले, "वही चोरीला गेलेली नाही. वहीत नाव असलेल्या अकरा जणांना, जे नुसते दुरुस्तीला आले, जाहिरात आली नाही. आणि माझं नाव वहीत नाही, तरी मला आली. म्हणजे वहीचा यात संबंधच नाही. मग कशाचा? जाहिरात त्यांनाच आली जे या खुर्चीत बसले. त्यातही ते पहारेकरी आणि त्या फोन विसरलेल्या बाई सुटल्या. का? कारण त्यांनी या खुर्चीत बसून फोन वाचला नाही. मुख्याध्यापिकाबाई, तुम्ही सोमवारी काय वाचलंत इथं?"

"छत्रीवरचं दुकानाचं पान," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "तीनदा वाचायला लावलं. वेगवेगळ्या काचा घालून."

"तीनदा! छत्रीच्या दृष्टीनं ही बाई चष्म्याच्या पानावर दहा मिनिटं डोळे लावून बसली. आता हिला चष्मा हवाय, हे सांगायला ज्योतिषी कशाला? छत्री आपल्याकडून काही घेत नाही. लोक येतात ते एकमेकांना बघायला, आणि कोण कशापाशी किती थांबलं ते ती लिहून घेते. तोच तिचा मीटर. चकती फिरते आपल्या बोटानं आणि बिल जातं दुकानदारांना. कोपऱ्यावरच्यानं एवढंच सांगितलं की चष्म्यापाशी थांबलेली माणसं मला दे. आणि ती माणसं रोज, एकेक करून, चष्म्यापाशी कुणी थांबवली?"

सगळ्यांच्या माना खुर्चीतल्या भावोजींकडे वळल्या. मग ताईच म्हणाली, "काखेत कळसा आणि गावाला वळसा."

"हे... हे असं कसं करतील?" भावोजी लाल झाले. "माझं पान, माझी गिऱ्हाइकं! मला कुणी विचारलं?"

"विचारलं होतं, बाबा," भाची हळूच म्हणाली आणि तिनं फोनवर ते बारीक अक्षरांचे नियम काढून त्यांच्या हातात दिले. "तुम्ही वाचून 'मान्य' म्हणालात."

भावोजींनी फोन डोळ्यांजवळ धरला. मग लांब नेला. मग हात पूर्ण ताणला. "उजेड कमी आहे इथं," ते पुटपुटले. डोक्यावर तर तपासणीचा मोठा दिवा जळत होता. सगळी गिऱ्हाइकं बघत होती.

तेवढ्यात नंबरबाई काचांच्या पेटीपाशी गेल्या. कुणाला काही न विचारता त्यांनी दोन गोल काचा उचलल्या, तपासणीच्या फ्रेममध्ये बसवल्या, साहेबांचा जुना चष्मा काढला आणि ती फ्रेम त्यांच्या नाकावर ठेवली. "आता वाचा, साहेब."

भावोजी घडाघडा वाचू लागले. "'तुमच्या पानावर कोण येतं, कशापाशी किती वेळ थांबतं, याची नोंद आम्ही ठेवू. त्यावरून कोणाला कोणती जाहिरात दाखवायची हे ठरवू. ही जाहिरात इतर कोणत्याही दुकानाची असू शकेल.'" त्यांनी मान खाली घातली.

मामांच्या डोक्यातली शेवटची गाठ आत्ता सुटली. कार्ड का गेलं, पान का पाठ होतं, स्क्रू का सापडत नव्हता. जवळचं न दिसणारा माणूस गिऱ्हाइकाचं वाचन तपासणार कसं? म्हणून आपल्याच पानावरच्या पाठ ओळी! इतके दिवस समोर दिसत असून आपल्याला उमगलं नाही, याची त्यांना लाजच वाटली.

"कितीची काच आहे ही?" भावोजींनी विचारलं. आवाज अगदी बारीक होता.

"अडीच."

"कधीपासून?"

"दोन वर्षं झाली. तुम्ही गिऱ्हाइकांना दीड सांगत होतात, म्हणून मी गप्प बसले." नंबरबाई काउंटरकडे वळल्या. "दुकानाची गोष्ट दुकानाबाहेर न्यायची नसते, साहेब."

भावोजी खुर्चीतून उठले. ती गोल, अवजड फ्रेम नाकावर तशीच होती आणि त्यामागे डोळे भरून आले होते. "मंगळवारी मी यांना चोर म्हणालो," ते सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "ते खोटं होतं. चूक माझी होती. माझा नंबर अडीच आहे आणि मला तो कबूल करायचा नव्हता. बाई, मला माफ करा."

ताईनं पदर डोळ्यांना लावला. नंबरबाईंनी काउंटरवरची किल्ली उचलली, कुलूप उघडलं, लाल वही काढली आणि नव्या ओळीवर साहेबांचं नाव लिहिलं, पुढे नंबर लिहिला. मग कुलपामागच्या खणातून ते पुठ्ठ्याचं कार्ड बाहेर काढलं. दोन वर्षं त्यांनी ते जपून ठेवलं होतं. खुर्चीच्या हाताला ते अडकवलं आणि मुख्याध्यापिकांकडे वळून त्या म्हणाल्या, "डावा एक पंच्याहत्तर, उजवा दोन. या, पुन्हा बघून घेऊ. फोन पर्समध्ये ठेवा."